झडप आधी की कर्करोग आधी?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरलेल्या एका काकांच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयातून महाधमनीत उघडणारी झडप अतिशय अरुंद झाल्याचे आढळले, त्यावर ‘कर्करोग असताना झडपेला हात लावण्यात अर्थ नाही’ असे मत कोणीतरी दिले आहे. हे सरसकट मान्य करता येणार नाही. कर्करोगाचा विचार करता वर्षभराहून अधिक आयुष्य अपेक्षित असेल आणि चालताना दम लागणे, चक्कर येणे अशी लक्षणे असतील, तर झडपेच्या उपचाराचा विचार व्हायलाच हवा. छाती उघडून झडप बदलल्यास कर्करोगाचे उपचार लांबतात. जांघेतील धमनीतून कॅथेटरने (बारीक नळीने) बसवलेल्या झडपेनंतर (टावी) रुग्ण त्यामानाने लवकर सावरतो. ज्यांच्या छातीला पूर्वी रेडिएशन दिलेले आहे, त्यांच्या महाधमनीत कॅल्शियम साचून उघडी शस्त्रक्रिया अधिकच जोखमीची ठरू शकते.

खरी कसरत रक्त पातळ करणाऱ्या औषधांची असते. धातूची झडप असलेल्याला वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते, आणि आतड्याच्या कर्करोगात सर्रास दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांमुळे वॉरफरिनचा परिणाम बराच वाढून रक्तस्राव होऊ शकतो; म्हणून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी रक्तचाचणी) वरचेवर तपासावा लागतो. केमोने प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) उतरल्या, तर अ‍ॅस्पिरिनचाही फेरविचार करावा लागतो. (हिमोग्लोबिन कमी होण्याचे खापर नेहमी गाठीवरच फोडू नये, कारण अरुंद झडपेमुळेही आतड्यातून रक्त जाऊ शकते.) कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाला केमोच्या काळात ताप आला, तर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का हे पाहणारी तपासणी) पाठवण्याचा आग्रह नातेवाइकांनी जरूर धरावा, मात्र त्यापायी औषधाला उशीर होऊ देऊ नये.