चर्चा: नववीची उन्हाळी सुट्टी – निवडक मुलांची शिबिरं की आपल्याच गावात संशोधन?

माळरान:
इस्रोचा 'युविका' कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. नववीच्या मुलांना उन्हाळ्यात दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शिकता येतं, खर्च इस्रोचा. उपक्रम उत्तम आहे. पण निवडीत निम्मा भार आठवीच्या गुणांना आणि ग्रामीण शाळेला १५ टक्के. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. बंद पडलेली मोटर खोलून चालू करणारी मुलं गुणांच्या यादीत वर नसतात.

माझं मत असं की सगळा जोर शिबिरांवर नको. मे महिन्यात गावातच करण्यासारखं खूप आहे. सोलापूर आणि जालना जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर अंतर. १० मेच्या सुमारास सोलापुरात दुपारी शून्य सावली असते, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली पडत नाही, त्याच वेळी जालन्यात एक मीटरच्या काठीची सावली चार सेंटीमीटरला थोडी कमी पडते. त्या सावलीवरून सूर्य किती अंशांनी कललाय ते कळतं; तेवढे अंश म्हणजे २४० किलोमीटर, तर पूर्ण ३६० अंशांना किती, असा हिशेब करून मुलं पृथ्वीचा परीघ काढू शकतात. लागतं काय? सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि दुसऱ्या गावातली एक शाळा.

अनुजा_पुणे:
सर, कल्पना छान आहे, पण याला संशोधन म्हणायला मी तयार नाही. उत्तर आधीच ठाऊक आहे. शिवाय सूर्य हा ठिपका नाही, सावलीची कड धूसर पडते. मोजण्यात अर्धा सेंटीमीटर इकडचं तिकडे झालं की परीघ पाच हजार किलोमीटरने चुकतो. तो का चुकला, हे मुलाला कोण समजावणार? पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शाळकरी मुलांचा उन्हाळी कार्यक्रम गेली कित्येक वर्षं चालतो. मुलं आठवडाभर एका शास्त्रज्ञाबरोबर असतात, ठरलेला अभ्यासक्रम नाही, ग्रंथालय खुलं. शंका आली की विचारायला माणूस समोर असतो. त्याची जागा काठी घेऊ शकत नाही.

माळरान:
अनुजाताई, पाच हजार किलोमीटर का चुकले हे शोधणं हेच तर मुलांनी शिकायचं! काठी तीन मीटरची घेतली तर सावली तिप्पट होते आणि तीच अर्ध्या सेंटीमीटरची चूक एक तृतीयांश भरते. सव्वाबारा ते साडेबारा दर दोन मिनिटांनी खुणा करायच्या, सर्वांत आखूड सावली धरायची. हे नववीच्या मुलीला नक्की सुचतं, तिला दुपारभर वेळ द्यावा लागतो इतकंच.

आणि उत्तर माहीत नसलेलंच हवं असेल तर विहिरी आहेत. दोरीला दगड बांधून दर आठवड्याला पाण्याची पातळी मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा मे महिन्यात मोजते, पण तिच्या निवडक निरीक्षण विहिरी. तुमच्या आळीतल्या विहिरीची नोंद कुणाकडेच नाही.

दहावीची_आई:
दोघांचंही ठीक आहे, पण मुलं आहेत कुठे? आमच्याकडे नववीची परीक्षा संपली की दहावीच्या व्हेकेशन बॅचेस लागतात. सकाळी सात ते अकरा क्लास, दुपारी गृहपाठ. हे बदलायचं तर सातवी-आठवीच्या सुट्टीतच सुरुवात करायला हवी.

चार्ल्सकाठ:
मी बोस्टनजवळ राहतो. इथे एमआयटी विद्यापीठात 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' नावाचं शाळकरी मुलांचं उन्हाळी शिबिर भरतं, सहा आठवडे, मुलांकडून शिकवणीची फी घेत नाहीत, भारतातूनही मुलं येतात. पण तिच्याभोवती हजारो डॉलर घेणाऱ्या 'संशोधन' कार्यक्रमांचा बाजार उभा राहिलाय, कारण कॉलेजच्या अर्जात तो शिक्का दिसतो. पुण्या-मुंबईत तसं होऊ देऊ नका. निवड कडक असली तरी चालेल, पालकांच्या खिशावर ती अवलंबून नसावी.

अनुजा_पुणे:
फीबद्दल पूर्ण सहमत. विहिरींचा मुद्दा मला पटला, सावलीचा अजून नाही. पण सर, मार्गदर्शकाचा प्रश्न तुम्ही टाळताय. मे महिन्यात शिक्षकांनाही सुट्टी असते, कॉलेजं बंद असतात. पाणी एका आठवड्यात अचानक चढलं तर ते कालव्याला पाणी सोडल्यामुळे की शेजारची मोटर बंद होती म्हणून, हे मुलाला वेगळं कसं करायचं ते कुणीतरी दाखवायला हवं. त्यासाठी माणूस मिळत नाही तोवर मी माझ्या भाचीचा अर्ज शिबिरालाच भरणार.

माळरान:
जरूर भरा. माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांसाठी मात्र तालुक्याच्या कॉलेजातला भूगोलाचा एक एमएस्सीचा विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस मिळाला तरी मला पुरेल. त्याचं मानधन शाळा व्यवस्थापन समितीतून काढता येईल का, हे कुणाला माहीत असेल तर इथे लिहा.