मदत हवी आहे: गेरच्या दिवशीचा मृत्यू आणि चार दिवस गप्प राहिलेली साक्षीदार

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. एक रहस्यकथा लिहिते आहे आणि ऐन मध्यावर अडकले आहे. पोलिसांत किंवा कोर्टात काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

कथा रंगपंचमीची. राजवाड्याकडे गेर (रंग उधळत जाणारी आमची मिरवणूक) निघाली आहे, टँकरवरचे पंप वरच्या मजल्यांपर्यंत रंग उडवताहेत. वाटेवरच्या जुन्या वाड्यात सत्तरीच्या काकू खिडकीत बसल्या आहेत. समोरच्या गच्चीवर दोघं, दोघांचीही तोंडं रंगानं माखलेली. एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर. तेवढ्यात गुलालाचा लोट येतो आणि विरतो, तेव्हा गच्चीवर एकच उरलेला असतो. ढकलताना काकूंनी पाहिलेलंच नाही, आणि ते मला तसंच ठेवायचं आहे. चेहरा दिसला नाही, पण उजवा पाय किंचित ओढत वळणारा तो मुलगा त्यांनी ओळखला. शेजारच्या खोलीतला, लहानपणी त्यांच्याच ताटात वरणभात जेवलेला.

खाली सगळे म्हणाले, पाय घसरला. पोलिसांनी मर्ग कायम केला (आमच्याकडे अकस्मात मृत्यूच्या नोंदीला हेच म्हणतात), पंचनाम्यावर आसपासच्या दोघांच्या सह्या झाल्या. काकू चार दिवस गप्प.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७९ प्रमाणे बाईवर जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, आणि कलम १८१ प्रमाणे पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. हे वाचल्यावर ठाण्यातलं माझं आख्खं प्रकरण बाद झालं. पण आता जबाब काकूंच्या स्वयंपाकघरात होईल आणि पातळ भिंतीपलीकडे त्या मुलाची आई असेल. मला हे जास्त खरं वाटतं.

आता अडचण. नुसत्या चालीवरून ओळखलं, यावर बचावाचा वकील नेमका कुठे बोट ठेवेल? माणूस आधीच ओळखीचा असताना ओळख परेडला (अनेकांच्या रांगेतून संशयिताला ओळखायला लावतात त्याला) अर्थ उरतो का? चार दिवसांच्या उशिराचं कारण, ‘लेकरासारखा होता’ एवढंच, न्यायाधीशांना पटू शकतं का? दंडाधिकाऱ्यांपुढचा कलम १८३ चा जबाब मर्गचा तपास चालू असतानाच घेतात, की गुन्हा नोंदल्यावर?

आणि एक बारीकसं. घरी येणारा अधिकारी गणवेशातच येईल का? काकू म्हणाल्या, “दार लावून घ्या, हळू बोला,” तर तो ऐकेल का?