चर्चा: कडियाळं काढलं तर घोडं हातात राहतं का?

बालाघाट (धागा सुरू करणारा)

माळेगावच्या खंडोबाची यात्रा उलगली की मराठवाड्यात नवी वछेरं दावणीला येतात आणि आठ दिवसांत त्यांच्या तोंडात कडियाळं, म्हणजे लगाम अडकवायचा लोखंडी दांडा, जातं. कुणाकुणाकडं तर काटेरी. त्याला ओझ्याच्या जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी यात्रेच्या बाजारात ते उघड्यावर टांगलेलं दिसतं. काटेरीवर चर्चाच नको. मी साध्या कडियाळ्याबद्दलच बोलतोय. माझं म्हणणं, स्वारीची सुरुवात नाकपट्टीवर, म्हणजे तोंडात काही न घालता नाकावरच्या पट्टीला लगाम लावून, करावी. कडियाळं पुढं लागलंच तर बघू.

कारण वयाचं आहे. अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान घोड्याचे दुधाचे दात आणि दाढांवरच्या टोप्या (दुधाच्या दाढांचे उरलेले तुकडे) पडतात, नरांना चौथ्या-पाचव्या वर्षी सुळे फुटतात. हिरड्या ठणकत असतात आणि आपण नेमकं याच वयात त्याला शिकवायला काढतो. ते मान झटकतं, तोंड उघडतं. आपण म्हणतो खोडील आहे. मग तोंड आवळून बांधतो, तरी भागलं नाही की जेरबंद, म्हणजे डोकं वर करू न देणारा पट्टा, घालतो.

पद्धत अशी. पहिले आठ-दहा दिवस पाठीवर बसायचंच नाही. सहा मिलीमीटरच्या घट्ट विणीच्या दोरीची गाठींची म्होरकी (तोंडावरची दोरी) घाला, तिला बारा फुटी जाड सोल, म्हणजे दोर, बांधा. बाजूला उभं राहून सोलावर दोन बोटांचा ताण द्या आणि वाट बघा. झटका नको. घोड्यानं नाक चार इंच तुमच्याकडं वळवलं की त्याच क्षणी सोल सैल. तीन सेकंद उशीर झाला तर नेमकं काय केलं म्हणून सूट मिळाली ते त्याला कळत नाही, आणि पुढच्या वेळी ते उलट ओढतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या शिकवा. आपण कायम डावीकडूनच धरतो, म्हणून उजवी बाजू बहुतेकांची ताठ निघते.

मग मागं सरकवणं, एका वेळी दोन-तीन पावलं. मग पंचवीस-तीस फुटी दोन दोर लावून मागून चालवणं, थांबवणं, वळवणं. आवाज आणि दोर मिळून दोन पावलांत थांबायला लागलं की खोगीर घालून पन्नास-साठ फुटांच्या गोल रिंगणात बसा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. आधी कदम (साधी चाल), कदमात थांबणं पक्कं झालं की दुडकी. रिंगणातून बाहेर काढायची घाई करू नका.

चाबुकस्वार_पूर्णाकाठ

बालाघाट भाऊ, रिंगणात समदंच जमतंय. आमचं काम लग्नसराईतलं. गल्ली दहा फुटाची, म्होरं डीजे, मागं फटाके, घोड्यावर नवरदेव आन् त्याच्या म्होरं चार वर्साचं पोरगं. तितं घोडं बुजलं तर तुमी सोल सैल सोडत बसनार का? तुमच्या पद्धतीत उधळत्या घोड्याला थांबवायचं म्हंजी एकाच बाजूचा लगाम वढून त्याला गोल फिरवायचं. गोल फिरवायला जागा कुठून आनायची? डांबरी सडकंवर नाल घसरतेत. वेगात मान एकदम वळवली तर घोडं माणसासकट आडवं पडतंय. नांदेडच्या हल्लाबोल मिरवणुकीची गर्दी डोळ्याम्होरं आना आन् मग सांगा. तोंडात साधं, जाड, मधी सांधा असलेलं कडियाळं असू द्या. हात हलका ठिवा. हाताचा दोष लोखंडावर कामून लोटता?

बालाघाट

वेगात मान एकदम वळवू नये हे शंभर टक्के खरं. आधी मोठा गोल, मग तो लहान करत आणायचा, आणि हे कदमात शंभरदा झालेलं असेल तरच दौडीत उपयोगी पडतं. गल्लीचं म्हणणंही मान्य. पण वरातीत नवरदेवाच्या हातात लगाम असतो का? घोडं धरलेलं असतं मोतद्दारानं, म्हणजे घोडं सांभाळणाऱ्यानं, खाली उभं राहून. तो कडियाळ्याच्या कडीत बागडोर (घोडं धरून न्यायची दोरी) अडकवून एकाच बाजूनं ओढतो. मग ते लोखंड दुसऱ्या बाजूनं तोंडात सरकतं आणि ओठाचा कोपरा चिरतो. बागडोर म्होरकीत अडकवावी, एवढं तरी माना.

आणि साडेतीनशे किलोचं जनावर जिवाच्या भीतीनं निघालं तर लोखंडानंही थांबत नाही. तोंड दुखलं की ते दुखण्यापासूनही पळतं.

गोठा_आणि_औषध

दोघांनाही एक गोष्ट सांगायची राहिली. नाकपट्टी म्हणजे मऊ, हा समज चुकीचा आहे. कडियाळं बसतं ते पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर. तिथं हाडावर पातळ कातडंच असतं. पण नाकाचं हाडसुद्धा खाली जाता जाता पातळ आणि टोकदार होत जातं, आणि शेवटी नुसती कूर्चा उरते. पट्टी तिथं बसली तर दुखतंच, शिवाय नाकपुड्या दबतात. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही. नाकपुडी दबली की ते घाबरणार, डोकं वर फेकणार, आणि मालक म्हणणार नाकपट्टीनं घोडं बिघडलं.

जागा अशी शोधा. डोळ्याखालून गालावर एक हाडाची कड उतरते. ती संपते तिथून दोन बोटं खाली पट्टी. मग अंगठा आणि तर्जनीनं नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकत या. कडक संपून मऊ लागतं त्या जागेपासून पट्टी किमान चार बोटं वर हवी. लहान तोंडाच्या काठेवाडी जातीत ही जागा अरुंद असते, त्यामुळं मारवाडी घोड्याच्या मापाची तयार नाकपट्टी आणून घातली तर ती हमखास खाली लोंबते. पट्टी आणि हाड यांच्या मध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

बाजूला लांब दांडे आणि हनुवटीखाली साखळी असलेला प्रकार नवशिक्यानं घेऊच नये. दांडा जितका लांब तितका हाताचा ताण वाढून नाकावर उतरतो. नुसतं नाव ‘विनाकडियाळी’, काम चिमट्याचं.

आणि कोणतंही साधन घालण्याआधी तोंड तपासून घ्या. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर गालपट्टीच्या दाबानंही गाल आतून कापतो. परभणी किंवा उदगीरचं पशुवैद्यक महाविद्यालय कुणाला जवळ असेल तर तिथं विचारा.

खोगीरभरती

साधनाबद्दल थोडं, कारण इंटरनेटवर बघून लोक जबड्याखालून पट्ट्यांची फुली मारणारा प्रकार मागवतात. त्यात उजवा लगाम जबड्याखालून जाऊन डाव्या गालावरून डोक्यामागं चढतो. ओढलं की अख्खं डोकं हळूच दाबलं जातं. कल्पना चांगली. अडचण सोडण्यात आहे. घामानं ओलं झालेलं चामडं कडीत अडकतं, त्यात आपल्या काळ्या मातीचा फुफाटा. तुम्ही हात सैल केला तरी पट्टी सैल होत नाही, आणि बालाघाटांनी वर सांगितलेली सगळी शिकवण त्या कडीत अडकून राहते. घ्यायचंच असेल तर कड्या गुळगुळीत आणि मोठ्या बघा, पट्ट्या तेल लावून मऊ ठेवा.

त्यापेक्षा दोन्ही गालांवर कडी आणि तिथूनच लगाम, ही साधी रचना चांगली. मोची तासाभरात शिवून देतो. नाकपट्टी तीन सेंटिमीटर रुंद, आतून नमदा (दाबलेली लोकर). अरुंद किंवा गोल दोरीसारखी केली तर ती कापते. जबड्याखालची पट्टी विसरू नका, ती जबड्याच्या मधोमध खालून बांधायची. ती नसेल तर एका बाजूनं ओढल्यावर अख्खं साधन फिरतं आणि दुसऱ्या बाजूची गालपट्टी डोळ्यात जाते. निम्मे लोक ‘नाकपट्टीवर घोडं वळत नाही’ म्हणतात ते याचमुळं.

रोज काढल्यावर नाकावरचे केस बघा. तुटलेले दिसले तर पट्टी घासतेय, दोन-तीन दिवस सुट्टी द्या. तिथं पांढरे केस उगवले तर समजा उशीर झाला.

स्पर्धेचं कुणी विचारेल म्हणून सांगतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत उड्यांच्या स्पर्धा आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींना कडियाळ्याविना चालतं, ड्रेसाजला (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेला) चालत नाही.

चाबुकस्वार_पूर्णाकाठ

बागडोर म्होरकीत, हे मान्य. दाताचंबी पटलं. पर तोंडाचं कडक झालेलं जुनं घोडं नाकपट्टीवर आनायचं कसं ते कुनी बोलंना. ते आधीच हातावर भार टाकून चालतंय. नाकपट्टी घातली तर आनखी टेकंल.

बालाघाट

टेकतं, कारण आपण दोन्ही लगाम सारखे धरून ठेवतो. त्याला आयता आधार मिळतो. एका वेळी एकच लगाम, तोही घ्या-सोडा, घ्या-सोडा. पावलापावलाला नाक थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं. जुन्या घोड्याला मी लगेच कडियाळं काढा म्हणणारच नाही. कडियाळं तोंडात राहू द्या, वरून नाकपट्टी, दोन्हीला वेगळे लगाम. आधी नाकपट्टीचा लगाम घ्या, उत्तर आलं नाही तरच कडियाळ्याचा. पहिल्या दिवसांत दोन्ही लागतील. कडियाळ्याला हात न लावता दहापैकी नऊदा तीन पावलांत थांबलं, तेही दुडकीतून, आणि शेजारी ट्रॅक्टर चालू असताना, तर काढा. नाही तर राहू द्या, त्यात कमीपणा नाही. वरातीच्या घोड्याला मी आयुष्यभर दोन्ही लगाम ठेवा म्हणेन.

चाबुकस्वार_पूर्णाकाठ

दोन लगाम धरायचे म्हंजी एक अंगठ्याखाली, एक करंगळीखाली, आन् दोन्हीचा ताण निरनिराळा. हात शिकलेला लागतोय त्याला. आमची पोरं घोड्यावर बसतेत ती एका हातात मोबाईल धरून.