गुडघ्याच्या दुखण्यानंतर परत पळायला लागलोय, हाफ मॅरेथॉनचं टार्गेट ठेवू का? मदत हवी आहे

मंडळी, जरा सल्ला हवाय. मी हौशी रनर, वय ४२. गेल्या वर्षी हाफ मॅरेथॉनच्या (२१.१ किमी) नादात आठवड्याचं अंतर २० वरून एकदम ३५ किमीवर नेलं आणि उजवा गुडघा धरला. पळताना पहिले दोन किमी काही नाही, मग वाटीच्या मागे बोथट कळ, आणि जिना उतरताना तर कठडा धरून आडवं पाऊल टाकत एकेक पायरी उतरायचो. फिजिओ म्हणाले रनर्स नी आहे, म्हणजे वाटीच्या मागचं-भोवतीचं दुखणं, मांडीचे आणि खुब्याचे स्नायू कमी पडतायत. चार महिने पळणं बंद. स्क्वॉट, ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), स्टेप-डाऊन (पायरीवरून एका पायावर हळू खाली उतरणं) हे व्यायाम मनापासून केले, त्यात स्टेप-डाऊन सगळ्यात कंटाळवाणा पण खरा फरक त्यानेच पडला.

आता दीड महिना झाला, ४ मिनिटं पळणं १ मिनिट चालणं असं करत ५ किमीपर्यंत आलोय, पावलं छोटी आणि भरभर टाकतो म्हणजे गुडघ्यावर भार कमी येतो. पळताना दुखत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आखडलेला असतो, अर्ध्या तासात मोकळा होतो.

हे आखडणं चालवून घेण्यासारखं आहे की थांबायची खूण? आणि अशा दुखण्यातून उठून ज्यांनी २१.१ किमी केलंय, त्यांनी आधी अंतर वाढवलं की चालण्याचे ब्रेक कमी केले? ५ वरून १० ला यायला किती आठवडे लागले? वेळेचं टार्गेट मी सोडलंय, न दुखता पूर्ण करायची एवढंच, पण तारीख ठरवल्याशिवाय माझ्याने नियमित होत नाही म्हणून विचारतोय.