मदत हवी आहे: कन्सल्टन्सीसाठी साधी वेबसाइट की स्वतःचं सॉफ्टवेअर?

नमस्कार मंडळी,

म्हापशात आमची जमिनीच्या कागदपत्रांची छोटी कन्सल्टन्सी आहे. मी, बहीण आणि कचेऱ्यांच्या फेऱ्या मारणारे दोघे. एक-चौदाचे उतारे (गोव्यातला सात-बारा), म्युटेशन म्हणजे फेरफार, सनदेचे (जमीन बिगरशेती करण्याच्या परवानगीचे) अर्ज अशी कामं.

गिऱ्हाइकं ओळखीतून येतात, पण परदेशातले गोंयकार आधी गूगलवर नाव शोधतात आणि तिथे आमचं काहीच नाही. म्हणून एका कंपनीकडे वेबसाइटची चौकशी केली. तीस हजार सांगितले. लगेच दुसरं कोटेशनही पुढे सरकवलं: प्रत्येक गिऱ्हाइकाला लॉगिन, फाइल कुठवर आली ते दिसणार, मोबाइल अ‍ॅप. साडेचार लाख, वर १८ टक्के जीएसटी, दरवर्षीचा मेंटेनन्स वेगळा.

सरळ नाही म्हणवत नाही, कारण दुखणं खरं आहे. गोव्यातल्या नागरी कायद्यामुळे लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायकोची सामाईक, म्हणून विक्रीला दोघांच्याही सह्या. वडिलोपार्जित घराची पाच भावंडं म्हणजे दहा माणसं झाली. त्यातली दोन लिस्बनला, एक इंग्लंडात स्विंडनला, एक दुबईत. कुणाची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी यायची आहे, कुणाच्या पोर्तुगीज जन्मदाखल्याचं भाषांतर राहिलंय, हे सगळं बहिणीच्या वहीत नि व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि दहाही जण वेगवेगळा फोन करणार, "आमच्या फायलीचें कितें जालें?"

पण फाइल अडते ती मामलेदार कचेरीत. नोटीस निघाली, हरकत आली, तारीख पुढे गेली, हे कुणी भरल्याशिवाय सॉफ्टवेअरला कसं कळणार? जो माणूस वहीत दोन ओळी लिहीत नाही, तो अ‍ॅपमध्ये लिहील?

शिवाय आधार-पासपोर्टच्या प्रती कुणाच्या सर्व्हरवर राहणार? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी आमच्यावर येते, सॉफ्टवेअरवाल्यावर ढकलता येत नाही.

माझा कल वेबसाइटकडे, बहिणीचा सॉफ्टवेअरकडे. असं काही करून घेतलेलं कुणी आहे का? तयार सीआरएम (गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) भाड्याने घेऊन भागतं का?

प्रतिसाद:
मी फोंड्यात जीएसटीची कामं करतो. आधी वेबसाइट करा. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावाने घ्या, कंपनीच्या नको. फायलींसाठी तूर्त गूगल शीट: एका ओळीत एक माणूस (एक फाइल नव्हे, तुमच्याकडे गुंता माणसांचा आहे), पुढे कोणता कागद बाकी आणि पुढची तारीख. सहा महिने शीट नीट भरली गेली तर तीच सॉफ्टवेअरवाल्यापुढे ठेवा, भाव निम्म्यावर येईल. नाही भरली तर साडेचार लाख वाचले. करार कराल तेव्हा सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ प्रोग्रॅम) आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळण्याची अट लिहून घ्या.

धागाकर्ती:
एका ओळीत एक माणूस, हे सुचलंच नव्हतं. बहिणीला दाखवते. शीटमध्ये आधारचे नंबर मात्र टाकणार नाही, ती लिंक कुणाकुणाकडे फिरेल याचा नेम नाही.