काउल चढवलं की ३० सीसी पेट्रोल इंजिन हवेत लीन का होतं?

उलटी_घिरटी

रिमोटच्या मॉडेल विमानाचं इंजिन आहे, काउल म्हणजे त्यावरचं झाकण, लीन म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. सिंगल सिलिंडर, रीड व्हॉल्व्ह, मागे वॉल्ब्रो कार्ब (कार्ब्युरेटर). प्रॉप (पंखा) १९ बाय ८ इंच. पेट्रोल-ऑइल ३२:१, आतापर्यंत साधारण चार लिटर जळालंय, म्हणजे रनिंग-इन बऱ्यापैकी उरकलंय.

जमिनीवर तक्रार शून्य. लो नीडल (कमी थ्रॉटलच्या पेट्रोलचा स्क्रू) दीड फेरा उघडा, हाय (फुल थ्रॉटलचा) सव्वा फेरा. आयडल १७००, फुल थ्रॉटलला ६९०० आरपीएम. काठी झटकन पुढे ढकलली तरी न अडखळता उचलतं.

हवेत पहिली तीन-चार मिनिटं ठीक जातात. नंतर सरळ वर चढताना आवाज बारीक आणि कोरडा होतो, आरपीएम हळूहळू बसतात. लँडिंगला थ्रॉटल ओढला की दोन वेळा बंदच पडलं. उतरल्यावर प्लग काढला तर टोक पांढरट. हाय नीडल १/८ फेरा उघडून पाहिला, तर जमिनीवर फडफडायला लागलं आणि हवेत चार मिनिटांनी पुन्हा तेच.

काउल काढून दोन फ्लाइट केल्या, त्यात काहीच झालं नाही. काउलला पुढे दोन गोल भोकं आहेत, खाली मागच्या बाजूला एक कट. टाकीचा व्हेंट (हवा आत यायची नळी) काउलच्या आतच सोडलाय. नीडल किती उघडावा?

---

नीडल_शेवटी

नीडलला आत्ता हात लावू नका. काउलशिवाय जे सेटिंग बरोबर चालतं ते बरोबरच आहे. काउल आल्यावर तीन गोष्टी बदलतात: कार्बच्या झाकणावरचा दाब, टाकीच्या व्हेंटवरचा दाब आणि सिलिंडरवरून जाणारी हवा. तिन्हींचा परिणाम कानाला एकच ऐकू येतो, म्हणून एकेक वेगळी काढा.

सगळ्यात सोपी आधी. व्हेंटची नळी लांब करून काउलच्या बाहेर, विमानाच्या पोटाखाली काढा. आतल्या हवेत ओढ असेल किंवा नळी कुठे चेपलेली असेल तर पेट्रोल कमी होत जातं तशी टाकी आतून पोकळी धरते आणि कार्बमधल्या पंपाला ओढायला जड जातं. चार मिनिटांनी सुरू होणारी तक्रार इथूनही येऊ शकते. तपासायला सोपं आहे: उतरल्याबरोबर पेट्रोल भरायच्या नळीचं बूच काढा. 'फुस्स' करून हवा आत गेली तर चोर सापडला.

आता कार्ब. वॉल्ब्रोच्या चार स्क्रूच्या झाकणाला मध्ये बारीक भोक असतं. त्या झाकणाखाली मीटरिंग डायफ्राम (पेट्रोलचं माप ठरवणारा लवचीक पडदा) आहे, आणि बाहेरचा दाब किती आहे हे त्याला त्या भोकातूनच कळतं. भोकावर दाब वाढला की डायफ्राम आत दबतो, लिव्हर ढकलतो, इनलेट नीडल जास्त उघडते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. दाब घटला की उलटं, लीन. तुमचं झाकण काउलच्या खालच्या कटाजवळ असेल तर तिथे हवा बाहेर ओढली जाते, म्हणजे वेग वाढला की भोकावरचा दाब पडतो. उभ्या विमानात हे दिसणारच नाही.

यावर उपाय असा:

झाकण काढून बाजूला घ्या. कार्बवर असताना ड्रिल करू नका, किस आत गेला की लहान मीटरिंग भोकं कायमची बुजतात. मधलं भोक मोठं करून ३ मिमी बाहेरच्या व्यासाची पितळी नळी बसवा. सोल्डर किंवा मेटल इपॉक्सी, दोन्ही चालतं. नळी आतल्या बाजूला केसभरही बाहेर येता कामा नये, नाहीतर डायफ्रामवर टेकून बसेल. मग तिला सिलिकॉन ट्यूब जोडून फायरवॉलमधून (इंजिनामागची भिंत) आत बॉडीत न्या आणि टोक उघडं सोडा. बॉडीत हवा शांत असते. ट्यूबचं टोक वाऱ्याच्या झोतात ठेवलंत तर ही सगळी मेहनत फुकट.

तिसरं, थंडावा. पुढची दोन भोकं बघून लोक खूश होतात, पण हवा आत गेली म्हणजे फिन्सवरून (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पट्ट्या) गेली असं नाही. ती सरळ सिलिंडरच्या बाजूने सोप्या वाटेने निघून जाते. पातळ प्लायचा आडोसा करून सिलिंडरभोवती ५-६ मिमीचीच फट ठेवा, म्हणजे हवेला फिन्समधून जाण्यावाचून गत्यंतर नाही. बाहेर पडायचा रस्ता आत यायच्या भोकांच्या अडीच ते तीनपट हवा. हिशोब करताना सिलिंडरकडे हवा नेणारंच भोक धरा. दुसरं भोक उपयोगाचं नाही, उलट काउलमध्ये दाब भरून हवेचा प्रवाह अडवतं. ते आतून बंद करा. खालच्या कटाच्या पुढच्या कडेला २ सेंमीची ओठासारखी पट्टी बाहेर वाकवून लावली की ती हवा ओढून काढते.

प्लग पांढरट आणि उतरताना आयडलला बंद, म्हणजे माझा कौल झाकणाचं भोक आणि उष्णता दोन्हीकडे. कापाकापी आधी, सूर लावणं नंतर.

---

ठिणगी_आधी

वरचं पटलं, एक फरक मात्र कानाने ओळखून घ्या. इंधनाची तक्रार असते तेव्हा आरपीएम हळू बसतात, थ्रॉटल कमी केला की थोडे परत येतात. इग्निशनची तक्रार असते तेव्हा स्विच बंद केल्यासारखं क्षणात जातं किंवा ठरावीक आरपीएमला फाटल्यासारखा आवाज येतो. तुमच्या वर्णनात पहिलं आहे. तरी पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका:

प्लगची फट ०.५ मिमी, फीलर गेजने. डोळ्याने मोजू नका. प्लग कॅप घट्ट बसतेय का आणि तिच्या आतली स्प्रिंगची रिंग प्लगच्या षटकोनाला चिकटतेय का बघा. सैल कॅप ठिणगीही खाते आणि रिसीव्हरला गोंगाटही पाठवते. इग्निशन बॉक्स, त्याची बॅटरी आणि प्लगची जाळीदार वायर रिसीव्हरपासून २५-३० सेंमी दूर. थ्रॉटल सर्व्होपासून कार्बपर्यंतची लिंक धातूची अखंड नको, निदान एक टोक नायलॉनचं.

इग्निशन बॅटरीचा व्होल्टेज इंजिन चालू असताना मोजा, बंद असताना नाही. बारीक वायर आणि स्वस्त स्विच मिळून बराच व्होल्टेज खातात. हॉल सेन्सरची (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) वायर प्रॉप हबच्या अगदी जवळून जाते, ती घासली गेली की गरम झाल्यावरच तक्रार सुरू होते.

किल स्विच (दुरून इंजिन बंद करणारा) आहे ना? फेलसेफला, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला की, इग्निशन बंद, थ्रॉटल आयडल. हे नसेल तर बाकी सगळं नंतर.

---

उलटी_घिरटी

किल स्विच आहे, फेलसेफ तसाच लावलाय. प्लगची फट ०.६ होती, ०.५ केली. चालू इंजिनवर इग्निशनला ६.४ व्होल्ट, म्हणजे लायफे बॅटरीला ठीक.

व्हेंट बाहेर काढून एक फ्लाइट केली. उतरल्यावर बूच काढलं, फुस्स नाही, पण चढताना तेच. मग झाकणाला नळी, आडोसा आणि एक भोक बंद, तिन्ही केलं. आता चढताना आवाज बसत नाही, आयडलला बंदही पडत नाही. पण अर्ध्या थ्रॉटलला फडफड येते, आणि फुल थ्रॉटलवरून एकदम आयडलला आणलं की आरपीएम २२०० वर अडकून तीन-चार सेकंदांनी खाली येतात. ३२:१ ऐवजी ५०:१ केलं तर फडफड जाईल का?

---

नीडल_शेवटी

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ध्या थ्रॉटलची फडफड म्हणजे जवळपास नेहमीच लो नीडल रिच. आयडल अडकणं म्हणजे लो लीन किंवा कुठून तरी चोरवाटेने हवा. दोन्ही एकदम आहेत, म्हणजे लो लीन नाही, हवा शिरतेय. कार्ब आणि क्रँककेसमधला इन्सुलेटर ब्लॉक आणि त्याचे स्क्रू बघा. उष्णतेने गॅस्केट दबतं आणि स्क्रू सैल होतात. चारही एकदा काढा, सपाट पट्टी ठेवून ब्लॉक वाकलाय का बघा, नवं गॅस्केट घाला, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा. गॅस्केट उलटं बसवू नका. त्यात पल्सचं छोटं भोक असतं, क्रँककेसचे झटके त्यातूनच कार्बच्या पंपाला मिळतात. ते झाकलं गेलं की चोकवर फटफट करून इंजिन लगेच मरतं आणि माणूस अर्धा दिवस प्लग पुसत बसतो.

त्यानंतरच नीडल. काउल चढवलेलं, इंजिन गरम, विमान शेपटीकडून बांधलेलं. प्रॉपच्या चकतीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, नीडल मागून फिरवायचा.

लो आधी. एका वेळी १/१६ फेरा बंद करा. आयडल चढतं, थ्रॉटल झटकन दिला की लगेच उचलतं. अजून बंद केलं की एका टप्प्यावर थ्रॉटल देताच 'हप्प' करून गचका येईल किंवा बंद पडेल. तिथून १/१६ ते १/८ मागे. आयडलचा स्क्रू लावून १६००-१८०० वर आणा. आता हाय: फुल थ्रॉटलला सर्वात जास्त आरपीएम शोधा आणि तिथून उघडून २०० आरपीएम कमी करा. टॅकोवरचा (आरपीएम मोजायचं यंत्र) मोठा आकडा बघून तिथेच थांबायचा मोह होतो, हवेत प्रॉप हलका झाला की तेच इंजिन लीन जातं.

मग पुन्हा लो तपासा. फुल थ्रॉटललाही लोच्या वाटेने पेट्रोल जातच असतं, म्हणून लो हलवला की हायचं सेटिंगही सरकतं. आधी हाय आणि मग लो करणाऱ्यांचं म्हणूनच कधी जुळत नाही. शेवटी इंजिन बंद करा, विमान नाक वर करून बांधा, पुन्हा चालू करून १५ सेकंद फुल थ्रॉटल. आरपीएम स्थिर राहिले तर झालं.

ऑइल: ५०:१ मध्ये लिटरला २० मिली, ३२:१ मध्ये ३१ मिली. ऑइल कमी म्हणजे त्याच नीडलमधून पेट्रोल जास्त, म्हणजे मिश्रण आणखी रिच. फडफड वाढेल. सूर लावताना मिश्रण बदलू नका. उत्पादकाने जे प्रमाण दिलंय ते ठेवा.

---

डायफ्राम_बदल

ऑइलबद्दल सहमत. स्क्रू आवळूनही फडफड राहिली तर कार्ब उघडा, विशेषतः पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर. डायफ्राम मऊ, लवचीक हवा. बोटाने दाबला की कुरकुर आवाज आला, कडा वळलेली दिसली, तर बदला, ताणून परत बसवू नका. मीटरिंगच्या बाजूला आधी गॅस्केट, वर डायफ्राम, मग झाकण. पंपाच्या बाजूचा क्रम वेगळा असतो, उघडतानाच फोटो काढून ठेवा.

पंपाच्या झाकणाखाली गोल बारीक जाळी असते. बाहेरचा फिल्टर कितीही चांगला असला तरी टाकीत राहिलेला प्लॅस्टिकचा किस तिथे येऊन बसतो. जाळी अर्धी भरली की फुल थ्रॉटलला लीन आणि आयडलला ठीक, अशी फसवी तक्रार येते. इनलेट नीडलच्या रबरी टोकाला गोल खाच पडली असेल तर नीडल बदला, ती बंद असतानाही पेट्रोल गळतं आणि आयडल रिच राहतं. लिव्हरची उंची त्या कार्बच्या गेजनेच, अंदाजाने वाकवू नका. थोडासा वर राहिला तरी सगळीकडे रिच होतं आणि मग नीडल पाव फेऱ्यावर आणूनही भागत नाही.

टाकीतली नळीही बघा. क्लंक (नळीच्या टोकाचं पेट्रोल ओढणारं वजन) मागच्या भिंतीपासून १० मिमी सुटा हवा. नळी कडक झाली असेल तर नाक खाली केल्यावर क्लंक पुढे जाऊन तिथेच अडकतो. पेट्रोलला पिवळी टायगॉन नळी, आत-बाहेर दोन्हीकडे. सिलिकॉन ट्यूब फक्त झाकणाच्या त्या हवेच्या नळीला, पेट्रोल लागलं की ती फुगून लिबलिबीत होते.

---

उलटी_घिरटी

इन्सुलेटरचे दोन स्क्रू अर्धा फेरा सैल होते. गॅस्केट बदललं, लो १/८ बंद, हाय १/१६ उघडला. आता फुलला ६८५०, आयडल १६५०, फुलवरून लगेच खाली येतं, अर्ध्या थ्रॉटलची फडफड गेली. दहा मिनिटांची फ्लाइट, प्लगचं टोक फिकट तपकिरी. दोन महिने उडवणार नाही, टाकीचं काय करू?

---

डायफ्राम_बदल

टाकी रिकामी करा, मग आयडलवर चालवून कार्बमधलं संपू द्या. प्लग काढून दोन-तीन थेंब टू-स्ट्रोक ऑइल सोडा, इग्निशनची बॅटरी काढून ठेवून प्रॉप हाताने चार-पाच वेळा फिरवा. पुन्हा चालू करताना लो-हाय तेच ठेवून चोकवर सुरू करा. पहिल्या मिनिटाला आरपीएम थोडे वेगळे दिसतील, इंजिन गरम होईपर्यंत नीडलला हात लावू नका.