वरकस जागेतली झाडी काढायला नक्की काय घेऊ?
मंडळी मदत हवी आहे. राहायला ठाण्यात, पण मुरबाडला आमची दीड एकर वरकस (म्हणजे हलकी, गवताळ जमीन) आहे, आधी काकांच्या म्हशी तिथेच चरायच्या, आता दहा वर्षं कोणी फिरकलं नाही तर नुसती घाणेरी आणि सुबाभूळ माजलीय, काही बुंधे मांडीएवढे. गेल्या वर्षी कोयत्याने तोडली तर पावसात एकेका खुंटाला चार-चार धुमारे फुटले! घाणेरीला ब्रश कटर चालेल पण जाड बुंध्याला चेनसॉ लागेलच ना, पेट्रोलचा घेऊ का बॅटरीचा? जेसीबीवाला म्हणतो मुळासकट काढतो, पण वरची मातीच गेली तर गवत येणार कसं? साग-खैर ठेवायचेत, ते तसंही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सुबाभळीचे खुंट कोणी कायमचे घालवलेत का, कसे? पावसाआधी उरकायचंय, प्लीज सांगा.